टॅली क्लाऊडवर टाकायच्या आधी गाळ्यातली नेटची लाइन बघा

रबाळे, महापे, वागळे इस्टेट या भागात छोट्या कंपन्यांचं नेटवर्क बघायचं काम करतो मी, आणि हल्ली बरेच शेठ विचारतात की सर्व्हर काढून हिशेबाच्या टॅलीसकट सगळं क्लाऊडवर, म्हणजे नेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, टाकू का. टाका, नक्की टाका, पण आधी लाइन तपासून घ्या.

फायदा खरा आहे. ऑफिसच्या कोपऱ्यातला तो सर्व्हर, त्याचा एसी, यूपीएस, काही वर्षांनी परत नवीन मशीन, हा खर्च एकदम अंगावर येतो, क्लाऊडवर तोच महिन्याच्या बिलात विभागला जातो आणि मार्चला लोड वाढला तर तेवढ्यापुरतं मशीन मोठं करून एप्रिलमध्ये परत लहान करता येतं. सीए ठाण्यात बसून आणि सेल्सवाला पुण्यातून एकाच डेटावर काम करतात. आणि २६ जुलै २००५ ज्यांनी बघितलाय त्यांना तळमजल्यावरच्या मशीनचं पाण्यात काय होतं हे वेगळं सांगायला नको.

आता लाइन. १०० एमबीपीएस (मेगाबिट) म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी (मेगाबाइट), शंभर नाही, कारण आठ बिटचा एक बाइट. आणि क्लाऊडला लागतो अपलोड, जो खूप प्लॅनमध्ये डाऊनलोडपेक्षा कमी असतो. ५० जीबी डेटा १० एमबीपीएस अपलोडने चढवायला अकरा तासांच्या वर लागतात, म्हणून पहिला डेटा सुट्टीच्या आदल्या रात्री लावून ठेवा.

रबाळ्यातल्या एका प्रिंटिंगवाल्याकडे रोज चार वाजले की क्लाऊडवरची टॅली अडकायची, अक्षर टाइप केलं की दोन सेकंदांनी दिसायचं, बिल निघेना, ई-वे बिल निघेना आणि टेम्पो गेटवर उभा. त्यांना वाटलं क्लाऊडच खराब. मी सर्व्हरला पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं) चालू ठेवून बसलो तर सकाळी १०-१२ मिलीसेकंद आणि चारला थेट ४०० च्या वर. शोधलं तर ८ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग दिवसभर क्लाऊडवर जात होतं, एकेकाचे साधारण २ एमबीपीएस म्हणजे १६, लाइनचा अपलोड २०, त्यात चारला डिझायनर मोठ्या फाइली पाठवायचा. संपली लाइन. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ऑफिसमधल्याच डीव्हीआरवर (रेकॉर्डिंगच्या डब्यावर) घेतलं, राउटरमध्ये टॅलीला पहिला नंबर दिला, दुसऱ्या दिवसापासून बिलं सुरळीत. रिमोट डेस्कटॉपला, म्हणजे क्लाऊडवरचं मशीन आपल्या स्क्रीनवर चालवायला, स्पीड फार लागत नाही, पण पिंग वाढला की माणूस वैतागतो.

म्हणून तुम्हीही सकाळी अकराला आणि चारला, सगळे कामात असताना, स्पीड टेस्ट घ्या, आठवडाभर लिहून ठेवा. एचडी व्हिडिओ कॉलला माणशी ३-४ एमबीपीएस धरा, त्यात फाइली आणि बॅकअप मिळवा आणि वर थोडी जागा सोडा. अपलोड पुरत नसेल तर लीज्ड लाइन (फक्त तुमच्यासाठी राखलेली लाइन) बघा, महाग असते पण अपलोड-डाऊनलोड दोन्हीला सारखा स्पीड देते.

दुसरी लाइन घ्याच, हे मी कळकळीने सांगतो, कारण नेट गेलं की क्लाऊडवरचं ऑफिसच बंद. पण दोन कंपन्यांच्या केबल एकाच मार्गाने येत असतील तर रस्ता खोदला की दोन्ही जातात, म्हणून दुसरी ५जी किंवा वायरलेस घ्या, ड्युअल वॅन राउटर (दोन लाइन जोडता येणारा) लावा म्हणजे एक गेली की आपोआप दुसरीवर बदलते. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही यूपीएसवर हवेत, डबा बरेच जण विसरतात.

रीजन, म्हणजे क्लाऊडचे सर्व्हर जिथे आहेत ती जागा, मुंबईच निवडा, अ‍ॅमेझॉनचं २०१६ पासून आणि गूगलचं २०१७ पासून इथे आहे, सिंगापूर किंवा अमेरिकेतलं घेतलं की पिंग वाढणारच. डेटा चढवायला बहुतेक पैसे लागत नाहीत, बाहेर काढायला लागतात, ते बिलात आधी बघा. बॅकअप मात्र तुमचीच जबाबदारी, आणि लॉगिनला ओटीपी लावा.

जुना सर्व्हर लगेच विकू नका. एक जीएसटी रिटर्न पूर्ण क्लाऊडवरून भरून होईपर्यंत चालू ठेवा.