पिंगला उत्तर आलं, पण कुठून?

महापे एमआयडीसीत डेस्कटॉप सपोर्टला लागून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. अकाउंट्समधल्या एका मॅडमचं रिमोट अ‍ॅप, म्हणजे रिमोट डेस्कटॉपमधून सर्व्हरवर चालणारं अ‍ॅप, उघडेना. शेजारच्या तिघांचं व्यवस्थित चालू. सर्व्हर आदल्या रविवारीच नव्या मशिनवर हलवलेला. पिंग केलं, म्हणजे मशिन नेटवर्कवर उत्तर देतं का ते बघितलं, उत्तर आलं. एनएसलुकअप केलं, म्हणजे नावावरून आयपी (मशिनचा नेटवर्कवरचा पत्ता) सांगणाऱ्या डीएनएसला विचारलं, नवा आयपी बरोबर. तिकिटात ‘नेटवर्क ठीक, डीएनएस ठीक’ लिहून मोकळा झालो आणि दोन दिवस युजर प्रोफाइल उकरत बसलो. महिनाअखेर होती. मॅडम दुसऱ्याच्या पीसीवर उशिरापर्यंत व्हाउचर भरत होत्या, मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. ते अजून टोचतं.

घोळ होता होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे नावं आणि त्यांचे आयपी पीसीवरच लिहून ठेवायच्या फाइलमध्ये. पूर्वी कुणीतरी त्यात सर्व्हरचं नाव आणि जुना आयपी हातानं लिहून ठेवला होता. विंडोज आधी ही नोंद मानतं, त्यामुळे पिंग आणि रिमोट डेस्कटॉप दोन्ही जुन्या मशिनकडे जात होते. एनएसलुकअप मात्र होस्ट्स फाइल बघतच नाही, थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. म्हणून त्याचं उत्तर बरोबर. जुनं मशिन अजून चालू होतं, फक्त त्यावरची रिमोट सेवा बंद केलेली, म्हणून पिंगही येत होतं. दोन वेगळे आयपी माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी फक्त ‘रिप्लाय फ्रॉम’ वाचलं. म्हणून सांगतो, उत्तर आलं का हे नंतर, कुठल्या आयपीवरून आलं हे आधी बघा.

तो आयपी बरोबर असला तरी पिंगवर विसंबू नका. पिंग आयसीएमपी या प्रोटोकॉलवर चालतं, त्याला पोर्ट (मशिनवरच्या एकेका सेवेचा दार क्रमांक) नसतो. रिमोट डेस्कटॉपला ३३८९ लागतो, गेटवेमधून जात असाल तर ४४३. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड पोर्ट देऊन चालवा, आयपी आणि पोर्ट दोन्ही एकत्र दिसतात.

‘फायरवॉल बंद करून बघ’ सांगणारा सीनियर तुम्हालाही भेटेल. ऐकू नका. बंद केलेली फायरवॉल परत चालू करायची कुणाला आठवत नाही, आणि होस्ट्समधली ती नोंदही कुणाचा तरी असाच शॉर्टकट होता. मला शिकवलं ते दुसऱ्या एका सरांनी. त्यांनी माझ्या कीबोर्डला हात लावला नाही, फक्त विचारलं, “दोन्ही आयपी वाचून दाखव.”

बाकी गोष्टी लवकर सापडतात. घड्याळ पाच मिनिटांहून जास्त मागेपुढे असेल तर कर्बेरॉस (विंडोज डोमेनमध्ये ओळख तपासणारी पद्धत) लॉगिन नाकारतं. नवा टर्मिनल सर्व्हर (ज्यावर सगळे रिमोट डेस्कटॉपनं येतात तो) १२० दिवसांनी अचानक कुणालाच आत घेईना, तर लायसन्स सर्व्हर जोडायचा राहिलाय का ते बघा. पासवर्ड बदलल्यावर अडलं तर विंडोज पासवर्ड साठवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधला जुना काढा.

त्या दिवशी घणसोलीहून ठाण्याची गाडी पकडताना वाटलं होतं, हे काम आपलं नाही. तसं तुम्हालाही वाटेल, पण राजीनाम्याची घाई करू नका. पहिले काही महिने नुसते एरर ओळखण्यातच जातात, आणि मग एक दिवस तुमचा हात आपोआप होस्ट्स फाइलकडे वळतो. ती उघडताना नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर सेव्ह होणार नाही.