मंडळीसाठी आनंदगीत लिहायचंय?

चर्चमध्ये गाता येईल असं गीत लिहावं, असं बऱ्याच तरुणांना वाटतं. ते कागद आणून दाखवतात तेव्हा त्यात हटकून 'तू महान, तू थोर, तू पवित्र' अशा ओळी असतात. शब्द सगळे खरे आहेत. पण चार कडवी झाली तरी आपण नेमका कशाचा आनंद करतोय, हे गाणाऱ्याला उमगत नाही. मी गेली अनेक वर्षं मंडळीसाठी, म्हणजे चर्चमध्ये एकत्र उपासना करणाऱ्या लोकांसाठी, लिहिते आणि माझं मत पक्कं होत गेलं आहे: देवाने काय केलं ते आधी सांगा, आनंद त्यामागून येतोच.

हे शिकायला बायबलमधल्या स्तोत्रसंहितेइतकी चांगली शाळा नाही. ११७वं स्तोत्र सगळ्यांत लहान, दोनच वचनांचं. पहिल्यात सर्व राष्ट्रांना स्तवनाची हाक आणि दुसऱ्यात लगेच त्याचं कारण. १३६व्या स्तोत्राची २६ वचनं, प्रत्येकाच्या शेवटी देवाच्या सनातन दयेचं तेच पालुपद. पण आधीच्या अर्ध्या ओळीत सूर्य-चंद्र येतात, मिसरातून (इजिप्तमधून) सुटका येते, तांबडा समुद्र येतो, आणि शेवटाकडे सर्व प्राण्यांना मिळणारं अन्नही येतं. धृपद साधं आणि कडवं भरगच्च, ही रचना नवख्याने डोळे झाकून उचलावी. बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्यायही वाचा. अंजीर फुललेलं नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी तो संदेष्टा परमेश्वराच्या ठायी हर्ष करतो. दुःख लपवून आनंदगीत लिहू नका. मंडळीत त्या रविवारी कुणाच्या तरी घरी आजारपण असतंच, आणि त्यालाही ते गीत गाता आलं पाहिजे.

मराठीत हा वारसा फार जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा जेज्वित धर्मगुरू जन्माने इंग्रज, पण गोव्यात राहून त्याने 'क्रिस्तपुराण' ओवीत रचलं आणि १६१६ साली ते छापलं गेलं. पुढे कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्या काळी उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीतं पुष्कळ होती. टिळकांनी अभंग, ओवी, पदं हे आपल्या मातीतलं धन ख्रिस्ताच्या चरणी आणलं. 'उपासना संगीत' हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक उघडा आणि त्यांची गीतं मोठ्याने म्हणून पाहा. नुसती डोळ्यांनी वाचलीत तर अर्धं हाती लागेल.

लिहायला बसाल तेव्हा मोठ्या अभंगापासून सुरुवात करा. चार चरणांत अक्षरं ६, ६, ६, ४ आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. कापणीच्या उपकारस्तुतीसाठी मी असं लिहिलं होतं:

रिकामी कणगी भरली दाण्याने ।
गातो आनंदाने तुझे नाम ॥

मग 'गातो'चं 'गाऊ' केलं. मंडळीत निम्म्याहून जास्त आवाज बायकांचे, त्यांच्या तोंडी 'गातो' का घालायचं? 'गाऊ'मध्ये आजोबा, सून, शब्बाथशाळेतली (चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गातली) पोरं, सगळी मावतात, आणि अक्षरंही तेवढीच राहतात. 'मी आलो', 'मी तरलो' लिहिताना हा विचार दर वेळी करा.

चाल लावताना समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दीर्घ अक्षर येऊ द्या. 'दया'मधला 'द' ताणला गेला की शब्द कानाला खटकतो, 'या' ताणला की तोच शब्द फुलतो. परक्या चालीवर मराठी शब्द बसवताना नेमका इथेच घोळ होतो. ताल केरवा किंवा भजनी ठेका ठेवा, दोन्ही आठ मात्रांचे. ढोलक वाजवणाऱ्याला ते हातचे असतात आणि लोकांच्या टाळ्या आपसूक पडतात. चाल एका सप्तकात राहावी, फार तर वरच्या रे पर्यंत. तयारीच्या गळ्यासाठी ताना घ्यायची हौस कॉयरच्या (चर्चच्या गायकवृंदाच्या) वेगळ्या गीतात भागवा. सिनेमाच्या गाजलेल्या चालीवर गीत बसवणं मला पटत नाही. गाणाऱ्याच्या डोक्यात मूळ गाणंच वाजत राहतं.

कॅथलिक चर्चसाठी लिहिणार असाल तर प्रवेशगीत, अर्पणगीत, ख्रिस्तप्रसादाच्या वेळचं गीत यांच्या जागा ठरलेल्या असतात. आधी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, नीट समजून घ्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा लोकभाषेत होऊ लागली, त्यामुळे या गीतांची गरज कायमची आहे.

पहिलं गीत थेट रविवारच्या उपासनेत आणू नका. डिसेंबरातली कॅरल फेरी (घरोघरी नाताळगीतं गात जाणं) किंवा शब्बाथशाळा ही उत्तम जागा. मुलं ज्या ओळीवर अडखळतात ती ओळ निमूट बदला. मग पाळकांना दाखवा. वचनाशी विसंगत काही गेलं असेल तर ते सांगतील, आणि ते ऐकायचं, कारण लोक प्रवचन विसरतात पण गीत पाठ करतात. कागदावर वर शास्त्रभाग (गीत बायबलच्या ज्या उताऱ्यावर आधारलं तो), ताल आणि पट्टी लिहा, आणि एक प्रत पेटी वाजवणाऱ्याकडे शनिवारच्या सरावाआधीच द्या.