उन्हाळ्यात बाईकवर लांब निघताय? सोलापूरच्या पोरांनो, या चुका टाळा

मार्च संपत आला की आपल्याकडं पारा चाळिशीकडं निघतो आणि पोरं हंपीकडं. परीक्षा झालेल्या असतात, कुणीतरी नवीन गाडी घेतलेली असते, मग मला फोन सुरू. "दादा, इंजिन ऑइल कुठलं टाकू?" "दादा, दर पन्नास किलोमीटरला गाडी थंड करायची का?" सगळी काळजी गाडीची. अंगात काय घालणार, पाणी किती नेणार, दुपारी बारा ते चार कुठं पडून राहणार, हे एकपण विचारत नाही. अरे, मे महिन्यात रस्त्यात गाडी बंद पडलेली मी क्वचित बघितलीय, माणसं बंद पडलेली भरपूर बघितलीत.

म्हणून इथं गाडी कमी आणि माणूस जास्त आहे. गाडीचं मॅन्युअल सीटखाली पडलेलं असतं, ते एकदा उघडा, मी माझ्या सवयी सांगतो.

टी-शर्टवर निघणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. "जॅकेट कसलं घालताय या उन्हात, वारं लागू द्या की जरा." वाऱ्यानं गार वाटतं हे खरंय, पण अंग कोरडं असेल तर हवा कातडीपेक्षा गार असेल तोवरच. कातडीचं तापमान ३३ ते ३५ डिग्रीच्या आसपास असतं. बाहेर ४२ असेल तर ते वारं तुमच्यातली उष्णता काढत नाही, उलट आत घालतं, आणि ८० च्या स्पीडला उघड्या हातांवर ते म्हणजे भडभुंज्याच्या भट्टीच्या तोंडाशी बसल्यासारखंच. त्यात आपल्याकडची हवा कोरडी, घाम आला की लगेच उडून जातो, अंगाला ओल लागत नाही, म्हणून पोरगं म्हणतं मला तर घामच नाही आला आणि पाणी पीत नाही. आत मात्र पाणी आणि मीठ दोन्ही संपत चाललेलं असतं.

एका मे महिन्यात आम्ही हंपीला निघालेलो. विजयपूर, मग निडगुंदीजवळ कृष्णा ओलांडायची, पुढं हुनगुंद, इळकल, कुष्टगी करत होस्पेट, साधारण तीनशे किलोमीटर, रस्ता चांगला. पहाटे निघायचं ठरलेलं, पण दोघं उशिरा उगवले आणि निघायलाच आठ झाले. विजयपूरला गोलघुमट बघायचाच असा हट्ट, वर चढून टाळ्या वाजवून, आवाज घुमवून खाली आलो तर साडेअकरा वाजून गेलेले. मी म्हटलं इथंच चारपर्यंत पडू. बाकीचे म्हणाले दोनशे तर राहिलंय, तीन तासात पोचतो. मतदान झालं, मी हरलो.

ग्रुपमध्ये एक नवीन पोरगा होता, हाफ टी-शर्ट, पाठीवर गच्च सॅक, दोन्ही हात कोपरापासून खाली लालभडक. इळकलच्या अलीकडं त्याची गाडी लेनमध्ये डावी-उजवी करायला लागली. मी कायम सगळ्यात मागं चालवतो ते यासाठीच. हॉर्न दिला, डिपर दिला, काही नाही. शेवटी बाजूला जाऊन हातानं थांबवलं. हेल्मेट काढलं तर तोंड लाल, कपाळ कोरडं आणि चटका बसावा इतकं गरम. विचारलं कुठं आलोय आपण, तर म्हणाला, "मोहोळ." दोघं हसले, त्यांना वाटलं चेष्टा करतोय. पण मोहोळ पुण्याच्या रस्त्यावर, आम्ही कर्नाटकात, आणि त्याचे डोळे चेष्टा करणाऱ्याचे नव्हते.

उन्हात माणूस बरळायला लागला की तो उष्माघात समजायचा. शरीर ४० डिग्रीच्या वर गेलेलं असतं आणि मग "पाच मिनिटं बसव, बरा होईल" हे चालत नाही. सावलीत आडवा केला, सॅक-बूट काढले, सगळ्यांच्या बाटल्या अंगावर ओतल्या, ओले टॉवेल मानेला, काखेत, जांघेत लावले आणि दोघांना वारा घालायला बसवलं. एक जण तोंडात पाणी ओतायला निघालेला, त्याला ओरडलो. शुद्ध नीट नसलेल्या माणसाला पाणी पाजायचं नसतं, श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन केला, तो तिकडंही चालतो. हॉस्पिटलात सलाईनवर सलाईन, आणि वडील कार घेऊन न्यायला आले. गाडी? गाडीला काहीही झालेलं नव्हतं, पहिल्या किकला चालू झाली.

तर माझी सवय अशी. आत फुल बाह्यांचा कॉटनचा शर्ट, तो निघताना नळाखाली भिजवून जेमतेम पिळलेला, वरून मेश म्हणजे जाळीचं जॅकेट चेन लावून. जाळीतून वारं येतं, शर्ट वाळत जातो आणि वाळताना अंग गार करतो. आपल्या कोरड्या हवेत हे झकास चालतं, कोकणात नाही चालत, तिथं दमट हवेत काही वाळतच नाही. गळ्यात ओला पंचा, त्याची टोकं जॅकेटच्या आत, बाहेर लोंबती नाही. शर्ट अर्ध्या-पाऊण तासात वाळतो, मग पुढच्या थांब्याला परत नळ. ढाब्यावर बाकीचे सेल्फी काढतात, मी नळ शोधतो. मेश जॅकेट परवडत नसेल तर जाड कॉटनचा फुल शर्ट आणि ग्लोव्हज तरी घाला, पण मग बाराशेच्या एक्झॉस्टला पैसे कुठून आले ते मला सांगू नका.

पाण्याबद्दल

तहान लागल्यावर प्यायचं असं चालत नाही, प्रत्येक थांब्याला प्यायचंच. नुसतं पाणी ढोसत राहिलं तरी त्रास होतो, कारण मीठ भरून निघत नाही. मेडिकलमधून ओआरएसची पुडी घ्या, मोठी पुडी एक लिटरला असते, ती पूर्ण एक लिटरमध्येच टाकायची. अर्ध्या बाटलीत पूर्ण पुडी टाकणारे पण बघितलेत आणि "चव येत नाही" म्हणून वरून साखर घालणारे पण. टेट्रापॅकमधलं गोड रंगीत पाणी म्हणजे ओआरएस नाही, डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात नसलेल्या पेयांना ओआरएस हे नाव लावायला २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं, मनाई केली ती उगाच नाही. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

दुपारी मटण-बिर्याणी हाणून परत गाडीवर बसणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. माझ्या बॅगेत कडक भाकरी आणि शेंगा चटणी असते, दोन्हीला ऊन काही करत नाही, वाटेत दही नाहीतर ताक मिळालं की जेवण झालं. भाकरी मात्र डब्यात ठेवा, सॅकमध्ये तिचा भुगा होतो.

आदल्या संध्याकाळी सर्व्हिसिंग

याचा मला खरंच राग येतो कारण करणाऱ्याला वाटतं आपण फार शहाणपणा केला. ओळखीतल्या एकानं संध्याकाळी गाडी गॅरेजातून आणली आणि पहाटे हैदराबादला निघाला, आम्ही मागं. नळदुर्गच्या पुढं माझ्या व्हायजरवर बारीक थेंब. आभाळ स्वच्छ, मग पाऊस कुठला? ग्लोव्हज पुसून बघितलं तर तेल. थांबवून खाली वाकलो, इंजिनखालचा तेल काढायचा ड्रेन बोल्ट बोटानं फिरत होता, वॉशर जुनंच परत बसवलेलं, आणि तेल उडत होतं ते सरळ मागच्या टायरकडं. अजून थोडं गेला असता तर एखाद्या वळणावर टायर घसरला असता, नाहीतर इंजिन जाम. रविवार होता, उमरग्यात एक गॅरेजवाले काका घरातून उठून आले म्हणून वॉशर आणि तेल मिळालं, पण तोवर ऊन डोक्यावर आलं आणि पहाटे निघायचा सगळा फायदा गेला. गॅरेजवाल्याला शिव्या घालायला सगळे पुढं, पण सुट्टीच्या आदल्या दिवशी त्याच्याकडं रांग लागलेली असते, पोरगं हातानं बोल्ट लावून दुसऱ्या गाडीकडं पळालेलं असतं.

काम आठ-दहा दिवस आधी करा. मग गाडी अक्कलकोटला न्या, एखाद्या सकाळी तुळजापूरचा घाट चढून-उतरून या, आणि घरी येऊन खाली पुठ्ठा टाकून रात्रभर उभी करा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग आहे का बघा. एक्सल नट, ड्रेन बोल्ट, ब्रेक, चेन सगळं स्वतः हात लावून तपासा. नवीन टायर पण असेच आधी टाका, सुरुवातीचे शंभर-दीडशे किलोमीटर ते गुळगुळीत असतात.

टायरमध्ये हवा कमी ठेवणं

"उन्हात हवा फुगते, कमी ठेव, फुटणार नाही." हा सल्ला देणारा प्रत्येक कट्ट्यावर एक असतो. उलटं आहे. तापमान पाच-सहा डिग्रीनं वाढलं की प्रेशर साधारण १ पीएसआयनं वाढतं, तेवढं धरूनच कंपनीनं आकडा दिलेला असतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, तिथं उष्णता तयार होते आणि टायर फुटतो तो त्यानं. पहाटे, गाडी थंड असताना, चेन कव्हरवरच्या स्टिकरप्रमाणे भरा, मागं माणूस किंवा सामान असेल तर त्याचा आकडा वेगळा असतो तो बघा. दुपारी तापलेल्या टायरचं प्रेशर जास्त दिसलं म्हणून हवा सोडू नका.

आता भराभर. तापलेल्या इंजिनवर पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. कूलंटवाल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, तोंड भाजेल. दर पन्नास किलोमीटरला इंजिनला विश्रांती लागत नाही, चालत्या गाडीला वारं मिळतं, एअरकूल्ड इंजिन तापतं ते सिग्नलला. ब्रेक तुमच्या बुडाला लागतो, तो तासाभरानं घ्याच. टाकी तोंडापर्यंत भरू नका, पेट्रोल प्रसरण पावतं, थोडी जागा लागते. सामान बांधलं की चेन ताणली जाते, ढिलाई बसून तपासा. सॅडल बॅग सायलेन्सरपासून लांब, जळलेली बॅग घेऊन परत आलेले आहेत. हँडलवर उन्हात लावलेला फोन तापून बंद पडतो, गावांची नावं कागदावर लिहून टाकीवर चिकटवा.

ऊन टाळायला रात्री निघणं हा पण शॉर्टकटच. लाईट नसलेला ट्रॅक्टर, रस्त्यात उभा ट्रक, राँग साईडनं येणारा मोटरसायकलवाला, सगळे रात्रीच भेटतात. पहाटे साडेचारला निघा, अकराला थांबा, चारनंतर परत. संध्याकाळी वळीव येतो ते लक्षात ठेवा, आधी धूळ आणि आडवं वारं, मग पाऊस, आणि पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येऊन सगळं घसरडं होतं. झाडाखाली आणि होर्डिंगखाली थांबायचं नाही, पंपावर नाहीतर ढाब्यावर शिरायचं. हायवेवर अडकलात तर हायवेची हेल्पलाइन १०३३.

आणि हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच म्हणून, समृद्धीवर टू-व्हीलरला परवानगी नाही. नागपूरला जायचंच असेल तर तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा रस्ता आहे. पण मे महिन्यात तिकडं आपल्यापेक्षा जास्त तापतं, त्यामुळं माझं ऐकाल तर ती ट्रिप जानेवारीत काढा.