जुन्या लेथचा चेंज गिअर: माझा अनुभव

कुपवाडच्या आमच्या शेडमधल्या जुन्या इंग्लिश लेथचा ४० दात्यांचा चेंज गिअर (हव्या त्या मापाचे आटे पाडण्यासाठी बदलायचा गिअर) तुटला आणि आटे पाडायचं काम थांबलं. सांगली-मिरजेच्या भंगारातही जोड मिळेना.

दुकानात १.२५ मोड्यूलचा (मोड्यूल म्हणजे दात्याचं मेट्रिक माप) गिअर ‘चालून जाईल’ म्हणून पुढे केला. व्हर्निअर लावला. जुन्याचा बाहेरचा व्यास ५३.३ मिमी, १.२५ मोड्यूलचा ५२.५ येतो. इंचात मोजला तर २.१. दाते अधिक दोन म्हणजे ४२, भागिले २.१, उत्तर २०. गिअर २० डीपीचा! डीपी म्हणजे डायमेट्रल पिच, दात्याचं इंची माप. इंग्लिश मशिनवर आधी डीपीच तपासा; एवढासा फरक नजरेला दिसत नाही, पण दाते खातो.

दाबकोनही, म्हणजे दात्याच्या बाजूचा उतारही, बघावा लागतो. जुन्या मशिनवर बऱ्याचदा साडेचौदा अंश असतो, हल्ली सर्रास २० अंश. शेजारच्या मिलिंगवाल्या काकांनी शाबूत खाचेत कटर धरून उजेडात पाहिलं आणि साडेचौदाचा ३ नंबरचा कटर काढला; हा नंबर दात्यांच्या संख्येवरून ठरतो. गिअर नेमका भागाभागाने फिरवणारं इंडेक्सिंग हेड ४०:१ चं, म्हणजे हँडलचे ४० फेरे झाले की गिअरचा एक, त्यामुळे दर दात्याला हँडलचा एक पूर्ण फेरा, बस्स. खाचेची खोली २.७४ मिमी.

स्टीलचा करा, असं सगळे सांगत होते. मी बिडाचाच करून घेतला. कॅरेज (हत्यार सरकवणारा भाग) अडकली तर हा स्वस्त गिअर तुटावा, आतला गिअरबॉक्स नव्हे.

बसवताना हा आणि शेजारचा गिअर यांच्या दात्यांमध्ये कागदाची पट्टी घालून बोल्ट आवळले, मग पट्टी काढली. तेवढी मोकळीक पुरते. लेथचा आवाजही कमी झालाय.