शुगर असलेल्या माणसाची किडनी आणि हृदय दरवर्षी कसं तपासून घ्यावं

"उपाशीपोटी ११० आली, आता काय काळजी नाही." आमच्या बेळगावच्या शहापुरात हे वाक्य कुठल्याही कट्ट्यावर ऐकायला मिळतं. माझ्या सासूबाई हेच म्हणायच्या आणि आम्ही माना डोलवायचो. त्या दिवसांत त्यांची किडनी निम्म्याहून कमी काम करत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. त्यानंतर सासूबाई, माझे वडील, चुलत सासरे आणि खानापूरकडची मावशी अशा चौघांची तपासणी गेली बारा वर्षं मीच करून आणते. त्यावरून सांगते, नुसत्या शुगरच्या आकड्यावर खूश होऊन बसू नका.

मधुमेहात माणसाला घात होतो तो बहुतेक वेळा हृदयाकडून नाहीतर किडनीकडून. वर्षानुवर्षं चढलेली साखर रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करते. एकेका किडनीत साधारण १० लाख गाळण्या असतात, आणि प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. तो आधी गळायला लागतो. किडनी बिघडली की बीपी चढतं, बीपीने हृदयावर ताण येतो, हृदय थकलं की किडनीला रक्त कमी पडतं. म्हणून दोन्हींची तपासणी एकाच खेपेत करायची.

रक्ताचं काम सोपं आहे. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी), क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनीने बाहेर टाकायचा कचरा), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), आणि जोडीला एक ईसीजी. कुठेही होतं. आदल्या रात्री मटण मात्र खाऊ नका, शिजवलेल्या मांसाने क्रिएटिनिन तात्पुरतं वर जातं.

आता लघवीची तपासणी. लोक इथंच फसतात, मीही फसले.

पहिल्या वर्षी मी लॅबच्या काउंटरवर जाऊन सांगितलं, "लघवी तपासायची आहे, प्रोटीन बघायला." त्यांनी साधी रुटीन तपासणी करून दिली, पट्टी बुडवून रंग बघतात ती. रिपोर्टवर छापलं होतं, अल्ब्युमिन निल. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रोटीन, किडनीची गाळणी गळायला लागली की ते लघवीत उतरतं. पुढच्या वर्षीही निल. दोन्ही कागद मी फाईलमध्ये नीट लावून ठेवले आणि निर्धास्त झाले. तिसऱ्या वर्षी एका डॉक्टरांनी वेगळी तपासणी लिहून दिली आणि आकडा आला २४०, जो ३० च्या आत असायला हवा होता. पट्टीला थोडंथोडकं अल्ब्युमिन दिसतच नाही. बऱ्यापैकी गळायला लागल्यावर तिचा रंग बदलतो, आणि जी वर्षं हातात असतात ती तोवर निघून जातात. आमची दोन गेली.

त्या तपासणीचं नाव आहे युरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. लॅबवाले एसीआर म्हणतात. हे नाव चिठ्ठीवर लिहूनच घेऊन जा, तोंडी सांगू नका. नुसतं 'मायक्रोअल्ब्युमिन' लिहिलं असेल तर विचारा, रेशो देणार का? कारण नुसतं अल्ब्युमिन मोजलं तर पाणी जास्त प्यायलेल्या दिवशी ते कमी दिसतं आणि कमी प्यायलेल्या दिवशी जास्त. क्रिएटिनिनशी भागल्यावर तो फरक निघून जातो. सरकारी दवाखान्यात कन्नडमधून बोलावं लागलं तर मधुमेहाला 'सक्करे कायिले' म्हणतात, तपासणीचं नाव सगळीकडे हेच.

नमुना सकाळी उठल्यावरच्या पहिल्या लघवीचा द्या. त्यासाठी डबी आदल्या दिवशीच लॅबमधून आणून ठेवावी लागते. मावशीने एकदा औषधाची जुनी बाटली धुऊन त्यात नमुना आणला होता, तसलं काही चालत नाही. सुरुवातीची धार सोडून मधली घ्यायची. खानापूरहून सकाळच्या गाडीने बेळगावला पोचेपर्यंत नमुना बिघडत नाही, फक्त उन्हात ठेवू नका. दुपार होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा.

दिवस कुठला निवडता त्यालाही महत्त्व आहे. ताप असताना, लघवीला जळजळ असताना, पाळीच्या दिवसांत किंवा शुगर-बीपी फारच चढलेलं असताना हा आकडा खोटा वाढतो. अंगमेहनतीनेही वाढतो. सौंदत्तीचा डोंगर चढून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, किंवा दिवसभर रोप लावणीत वाकल्यावर, ही तपासणी करू नका. दोन दिवस जाऊ द्या.

आकडा ३० च्या आत असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली आहे. ३०० च्या वर म्हणजे चांगलीच गळती. हे आकडे mg/g चे. काही लॅब mg/mmol या दुसऱ्या एककात देतात, तिथं ३० च्या जागी ३ धरायचे, तेव्हा आकड्याशेजारचं एकक वाचल्याशिवाय खूशही होऊ नका आणि रडूही नका. एकदाच वाढलेला दिसला तर लगेच निदान होत नाही. तीन ते सहा महिन्यांत तीनदा करून त्यातले दोन वाढलेले आले तर तो खरा.

हा आकडा किडनीच्या नावाने छापलेला असला तरी हृदयाचाही आहे. किडनीतल्या वाहिन्या गळतात तेव्हा अंगभरच्या वाहिन्यांचं अस्तर खराब होत असतं. एसीआर वाढलेल्या माणसाला हार्ट अटॅकचा आणि हार्ट फेल्युअरचा धोका जास्त असतो. म्हणून या एका तपासणीसाठी मी एवढी हटून बसते. मधुमेह कळला त्याच वर्षापासून ती करायची. लहानपणीच इन्सुलिन सुरू झालेल्या टाइप १ वाल्यांना पाच वर्षांनंतर.

आता क्रिएटिनिनचा कागद हातात घ्या. '१.१, नॉर्मल' असं वाचून घडी घालू नका. ३० वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.१ असेल तर किडनीचा वेग, म्हणजे ईजीएफआर, साधारण ९३ निघतो. ६८ वर्षांच्या बाईचं तेच १.१ असेल तर साधारण ५५. वय झालेल्या, वाळलेल्या बायकांच्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळे क्रिएटिनिन कमी तयार होतं आणि रिपोर्ट फसवतो. ईजीएफआर छापलेला नसेल तर मागून घ्या. तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर किडनीचा आजार धरायचा.

बीपी घरी मोजा. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीला, दंड उघडा आणि छातीच्या उंचीवर, अर्धा तास आधी चहा नाही आणि मिश्री तर नाहीच. डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ लिहून काढा. बहुतेकांना १३०/८० च्या आत हवं.

हे सगळं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, "किडनी आणि हृदय सांभाळणारी गोळी यांना द्यायची का?" टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या गटातल्या गोळ्या गळती कमी करतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मूळच्या शुगरच्या गोळ्या, पण किडनी आणि हृदय दोन्ही जपतात. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि किंमत बरीच उतरली, तेव्हा महाग म्हणून कुणी सोडली असेल तर पुन्हा चौकशी करा. या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढतं. ते अपेक्षितच असतं, घाबरून स्वतःहून बंद करू नका, सांगितलेल्या दिवशी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करून घ्या. जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र त्या दिवशीच डॉक्टरांना फोन करून गोळ्या थांबवायच्या का ते विचारा.

"शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते" असं सांगणाऱ्या माणसाचं माझ्या घरात काही ऐकलं जात नाही. किडनी शुगरने आणि बीपीने जाते. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही, किडनी कमजोर झाल्यावर तिचा डोस कमी करावा लागतो. ईजीएफआर ३० च्या खाली गेला की ती बंद करतात. किडनीला खरा मार बसतो तो गुडघे दुखले म्हणून दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनचा. गुळाचा चहा चालतो हेही खोटं, गूळ साखरच आहे. आणि 'कमी सोडियमचं मीठ' आणताना विचारून आणा, त्यात पोटॅशियम असतं, कमजोर किडनीला ते धोक्याचं.

इन्सुलिन तेवढंच असताना शुगर आपोआप उतरायला लागली तर देव पावला असं समजू नका. किडनी मंदावली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं. सासूबाईंना शुगर फार उतरल्याने पहाटे घाम फुटायचा, हात थरथरायचे, आणि आम्ही म्हणत होतो की शुगर बरी होत आली.

हृदयाचं एक सांगायचं राहिलं. आरामात झोपवून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे ब्लॉक नाहीत असं होत नाही. मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे अटॅकची कळ कळतेच असं नाही. धाप, थंड घाम, जबड्यात जडपणा, मळमळ, अचानक गळून जाणं, एवढंच दिसतं. माझे वडील शनिवारी बाजारातून पिशवी घेऊन आले आणि उंबऱ्यातच बसले. शर्ट घामाने चिकटला होता. "पित्त झालंय गे, सोडा दे," म्हणाले. मी सोडा न देता १०८ ला फोन लावला. दवाखान्यात ईसीजी काढला तर अटॅक चालू होता. त्या अख्ख्या दिवसात त्यांच्या छातीत एकदाही दुखलं नाही.