चोक बंद केला की बाईक बंद पडते, रेस दिली की मस्त पळते (ड्युअल-स्पोर्ट, कार्ब्युरेटरवाली)

पावसाळाभर उभी असलेली गाडी, चोकवर लगेच स्टार्ट व्हायची पण चोक काढला की आयडलिंगला बंद, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट. प्लग बदलला, एअर फिल्टर धुतला, आयडल स्क्रू वाढवून पाहिला, काही नाही. अक्षरशः वैताग आला होता.

दोष निघाला पायलट जेटमध्ये, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाच्या जेटमध्ये, ते तुंबलं होतं. अर्ध्या थ्रॉटलच्या वर मेन जेट काम करतं म्हणून तिथं गाडी ठीक वाटते.

आधी पेट्रोल कॉक बंद करा, ड्रेन स्क्रू सैल करून बाउल (कार्बच्या खालची पेट्रोलची वाटी) रिकामा करा, मग कार्ब काढा. बाउल उघडला की मेन जेटशेजारी बारीक पितळी जेट दिसतं, तेच पायलट जेट, बरोब्बर मापाच्या स्क्रूड्रायव्हरनेच काढा, खाच गेली तर संपलं. उजेडात धरा, माझ्या जेटमधून काहीच दिसत नव्हतं, आत हिरवट चिकटा. कार्ब क्लीनर मारा आणि वायरमधली तांब्याची एकच तार फिरवा, स्टीलची नको, भोक मोठं होतं.

मग मिक्श्चर स्क्रू (आयडलिंगला हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने पूर्ण आत, फेरे मोजून लिहून ठेवा, नंतर काढा, बारीक ओ-रिंग हरवू नका. त्या भोकात क्लीनर मारला की तो बटरफ्लायजवळच्या (थ्रॉटलने उघडणाऱ्या झडपेजवळच्या) बारीक भोकांतून बाहेर आला पाहिजे, हे बघितल्याशिवाय जोडू नका.

जोडल्यावर स्क्रू मोजलेल्या फेऱ्यांवर. इंजिन चांगलं गरम झालं की आयडल थोडं वाढवून स्क्रू हळूहळू फिरवा, जिथं आरपीएम सगळ्यात जास्त तिथं थांबा, मग आयडल 1400 ला आणा. रेस देऊन सोडल्यावर आरपीएम वरच रेंगाळला तर मिक्श्चर अजून लीन आहे (पेट्रोल कमी पडतंय), स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर पाव फेरा बाहेर, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत.