सॅडल घालून झाडावर चढताय? या चुका टाळा

मिशिगनमध्ये १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाने हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. (भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, हे मिशिगनमधल्या परवानाधारकांसाठी.) जड लोखंडी मचाण पाठीवर वाहण्यापेक्षा आता बरेच जण सॅडल वापरतात: कमरेला आणि मांड्यांना धरणारा पट्टा, खोडाला वेढलेला टेदर दोर, पायाखाली छोटा प्लॅटफॉर्म. ओझं कमी होतं, पण मचाणावर आपण बसतो, इथे टांगलेले असतो.

म्हणूनच सगळ्यात घातक चूक म्हणजे दोर ढिला पडू देणं. प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर टेदर डोक्याच्या उंचीवर हवा. नीट बसायच्या नादात माणूस एक पाऊल वर टाकतो आणि टेदर कमरेशी येतो. हा दोर फारसा ताणला जात नाही. दोन फूट जरी पडलात तरी सगळा हिसका कमरेला आणि पाठीला बसतो. पाऊल उचलायच्या आधी दोर वर सरकवा, प्रुसिक गाठ (हाताने सरकणारी, वजन आलं की आवळणारी) ओढून घ्या, मगच पाय हलवा. त्या गाठीकडे जवळून बघा: वेढे मनगटातल्या बांगड्यांसारखे शेजारी-शेजारी बसलेले हवेत. एकावर एक चढले असतील तर सोडून पुन्हा बांधा. दोर ओला असेल किंवा त्यावर बर्फ धरला असेल, तर जमिनीवरच पूर्ण वजन टाकून गाठ घसरत नाही ना ते तपासा.

चढताना खोडाभोवती कमरेचा वेगळा दोर असतो; आडवी फांदी आली की तो सोडावा लागतो. दुसरा दोर फांदीच्या वरून बांधून त्यावर भार येईपर्यंत पहिल्याला हात लावू नका. इथे घाई करणारे मी पाहिलेत, आणि बघताना माझ्याच पोटात गोळा आला.

झाड निवडताना अ‍ॅश टाळा. त्याला पोखरणारा हिरवा किडा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला, तेव्हापासून इथली असंख्य अ‍ॅश झाडं वाळली आहेत. वाळलेलं अ‍ॅश ठिसूळ असतं, काडकन मोडतं. शॅगबार्क हिकरीची साल सुटी असते, तिच्यावर स्टिक (चढायला खोडाला बांधतात ती पायऱ्यांची दांडी) घसरते.

उतरायच्या दोराच्या टोकाला गाठ मारल्याशिवाय वर जाऊच नका. मागच्या हंगामात मी नेहमीपेक्षा उंच चढलो होतो. अंधारात उतरताना टोकाची गाठ डिसेंडरला (दोरावरून हळूहळू उतरवणाऱ्या साधनाला) येऊन अडकली, तेव्हा पाय जमिनीपासून पुरुषभर वर होते. गाठ नसती तर दोर डिसेंडरमधून सुटलाच असता. सोबतची एकुलती स्टिक खोडाला बांधली, तिच्यावर उभा राहिलो, आधी कमरेचा दोर खोडाला घातला, मग उतरायचा दोर सोडून एकेक पाऊल खाली आलो.

धनुष्य अंगावर घेऊन चढू नका, वर पोचल्यावर सुतळीने ओढून घ्या. बंदूक असेल तर रिकामी करूनच बांधा. फोन सॅकमध्ये टाकू नका. लटकलेल्या अवस्थेत एका हाताने काढता येईल अशा खिशात ठेवा.